मोटर मान टाकते तेव्हा : ब्रशलेस रूपांतराची पुढची नोंद

माझ्या आरसी, म्हणजे रिमोटवर धावणाऱ्या, गाडीत जुन्या ५५० मोटरीच्या जागी ब्रशलेस मोटर बसवली, तेव्हापासून सतावणारा स्पर गिअर, म्हणजे मोटरीवरच्या छोट्या पिनियनने फिरणारा मोठा दातेरी गिअर, अखेर टिकला. एकच प्लास्टिकचा स्पर फोर-एसच्या (चार सेलच्या) लागोपाठ अनेक बॅटऱ्यांवर, त्याच प्लायवूडच्या उतारावरून त्याच उंचीच्या उड्या मारूनही शाबूत राहिला. घरी आल्यावर भिंगाखाली पाहिला तेव्हा दातांच्या टोकांवर फक्त एकसारखी चमक आलेली होती. मागच्या नोंदीपर्यंत या गाडीचे स्पर वारंवार तुटताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही चमक किती दुर्मीळ आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वाचकांच्या सोयीसाठी सध्याची जुळणी थोडक्यात लिहितो. ४२७४ आकाराची, २२०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला २२०० फेरे घेणारी) सेन्सरलेस मोटर, दीडशे अँपिअरचा ईएससी (मोटरीचा वेग नियंत्रक), ०.८ मॉड्यूलचा (मॉड्यूल हे दाताच्या आकाराचे माप) ६५ दातांचा स्पर आणि १८ दातांचे पिनियन. चाकांचा व्यास १५० मिमी आहे आणि पिनियनपासून चाकापर्यंतचे एकूण गुणोत्तर साधारण १४.१ पडते. १४.८ व्होल्टला मोटर कागदावर मिनिटाला ३२,५६० फेरे घेते, म्हणजे गाडीचा हिशेबातला वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात भार आल्यावर बॅटरीचा व्होल्टेज बसतो आणि टायर फुगतात, त्यामुळे हा आकडा दिशादर्शक समजावा. ट्रॅक्सास या आरसी कंपनीने आपल्या ई-मॅक्स गाडीच्या ब्रशलेस आवृत्तीत दोन ब्रश मोटरींच्या जागी कॅसल कंपनीची २२०० केव्हीची एकच मोटर बसवली होती. माझी निवड त्याच वाटेने गेलेली आहे आणि तिच्याबद्दल अजूनही तक्रार नाही.

तक्रार होती ती स्परबद्दल. सपाट जमिनीवर पूर्ण थ्रॉटल दिला, पुढची चाके उचलली, जागच्या जागी गरगर फिरवली, तरी काही होत नसे. उडी मारून गाडी खाली आली की मात्र कधी ना कधी तो ओळखीचा कर्र आवाज येई, मोटर मोकळी फिरू लागे आणि गाडी पटांगणाच्या मध्यावर उभी राही. उघडून पाहावे तर स्परचे बाकी सगळे दात ठीक आणि एकाच जागचे तीन-चार दात मुळापासून साफ. या खुणेतच अर्धे उत्तर होते. मेश, म्हणजे दातांची एकमेकांतली पकड, सगळीकडे सैल असती तर सगळेच दात टोकांकडून झिजले असते. एकाच पट्ट्यातले दात तुटतात याचा अर्थ असा की एरवी सर्व सुरळीत असताना क्षणभरासाठी काहीतरी बिघडते.

पहिला संशय पिनियनवर गेला आणि त्याला कारणही होते. ऑनलाइन मागवलेल्या एका पिनियनचे भोक मध्यावर नव्हते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून शाफ्ट हाताने फिरवला तेव्हा काटा ०.१२ मिमी हलत होता. एवढा थरथराट असल्यावर एका बाजूला मेश घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल राहणारच. असा माल पाठवणाऱ्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही, आणि पिनियन हातात आल्याबरोबर डायल गेजखाली फिरवून पाहावे, अशी सर्वांना विनंती आहे. चांगले, कडक पोलादी पिनियन बसवल्यावर काटा जवळजवळ स्थिर राहिला, मोटरीचा आवाज लक्षात येण्याइतका गोड झाला, आणि पुढच्याच उड्यांमध्ये स्पर पुन्हा गेला.

त्यानंतर स्लिपर, म्हणजे फार जोर आला की घसरून धक्का शोषणारा क्लच. स्लिपर फार घट्ट असला तर धक्का शोषला जात नाही आणि दातांवर येतो, हा आपल्या मंडळींचा पहिला सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. म्हणून नट इतका सैल केला की थ्रॉटल देताच पॅड घसरल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. गाडीचा सगळा जोर गेला, चाके उचलणे बंद झाले आणि तरीही उडीनंतर दात गेले. या टप्प्यावर मला खात्री पटली की नुसती ताकद हे कारण नाही. स्परच्या शाफ्टची बेअरिंगेही बदलून पाहिली. ती मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून आणली. तिथे बेअरिंग हातात घेऊन, फिरवून, सील कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून घेता येते, आणि आरसीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटांपेक्षा ती स्वस्त पडतात. बेअरिंगने काही फरक पडला नाही, परंतु आता ती नवी आहेत याचे समाधान आहे.

कोंडी फुटली ती वागळे इस्टेटमध्ये. तिथे एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणारे फिटर काका माझ्या परिचयाचे आहेत. स्टीलचा स्पर कापून मिळेल का, हे विचारायला मी त्यांच्याकडे गाडी घेऊन गेलो होतो. त्यांनी तुटलेला स्पर पाहिला, गाडी हातात घेतली, मोटरीच्या मागच्या टोकावर अंगठा ठेवून दाबले आणि म्हणाले, "अहो, दातांचा काय दोष? तुमची मोटर मान टाकते आहे." अंगठ्याखाली खरोखरच ते टोक किंचित खाली गेले होते.

यानंतर त्यांनी जे केले ते प्रत्येक छंदिष्टाने करून पाहण्यासारखे आहे. फिटिंगच्या कामात दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे पाहण्यासाठी प्रशियन ब्लू हा निळा रंग वापरतात. त्याचा पातळ थर त्यांनी मोटरीच्या कॅनच्या (बाहेरच्या दंडगोल कवचाच्या) तळाशी, अगदी मागच्या टोकाला लावून दिला. कॅन आणि चासी यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजली तर ती बरोबर २ मिमी होती, म्हणजे स्थिर गाडीत तिथे काहीही टेकण्याचे कारण नव्हते. खारघरच्या डोंगरपायथ्याशी आपण रविवारी जमतो त्या मुरमाच्या पटांगणावर मी मुद्दाम मोजक्याच उड्या मारल्या आणि बॉडी काढली. चासीवर निळा ठसा स्वच्छ उमटलेला होता.

आता हिशेब मांडून पाहू. मोटर फक्त पुढच्या तोंडाशी, ३ मिमीच्या अॅल्युमिनिअम पट्टीला दोन स्क्रूंनी धरलेली आहे आणि ती पट्टी प्लास्टिकच्या चासीवर उभी आहे. ७४ मिमी लांबीच्या कॅनचे मागचे टोक २ मिमी खाली जाते तेव्हा पट्टीच्या दुसऱ्या बाजूला साधारण १४ मिमी अंतरावर असलेले पिनियन सुमारे ०.४ मिमी वर उचलले जाते. या गाडीत स्पर पिनियनच्या खालच्या अंगाला तिरका बसतो, त्यामुळे पिनियन वर गेले की दोन्ही गिअर एकमेकांपासून दूर सरकतात. ०.८ मॉड्यूलचे दात एकमेकांत जास्तीत जास्त १.६ मिमी शिरतात. त्यातला पाव हिस्सा क्षणात निघून जातो, आणि शिवाय शाफ्ट दीड अंशाने तिरका झाल्यामुळे जो काही स्पर्श उरतो तो दाताच्या पूर्ण रुंदीवर न राहता एका कडेवर येतो.

एवढ्यानेही दात तुटले नसते. खरी गंमत वेळेची आहे. गाडी हवेत असताना थ्रॉटल थोडा जरी उघडा राहिला तरी चाके जमिनीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतात. टायर मुरमाला टेकताच चाकांना एकदम आवर बसतो, पण मोटरीचा जड रोटर आपल्या वेगात असतो आणि त्याची सगळी घुसळण पिनियनमधून स्परवर येते. मेशवर सर्वाधिक भार येण्याचा हाच क्षण आणि जमिनीच्या धक्क्याने मोटर मान टाकण्याचाही हाच क्षण. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून सपाटीवरच्या कोणत्याही चाचणीत हा दोष कधीच दिसला नाही, आणि म्हणूनच स्लिपर सैल करूनही तो गेला नाही. जुनी ५५० मोटर जेमतेम ५७ मिमी लांब आणि वजनाने खूपच हलकी होती. त्याच पट्टीवर ती वर्षानुवर्षे बिनतक्रार राहिली, यात नवल नाही.

स्टीलच्या स्परचा विचार तिथेच सोडून दिला. स्पर हा या गाडीतला हक्काचा बळीचा बकरा आहे आणि तो तसाच राहावा. तो पोलादी केला तर हाच धक्का पुढे डिफच्या, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलच्या, गिअरांवर जाईल, आणि डिफ उघडण्यासाठी अर्धी गाडी सुटी करावी लागते. प्लास्टिकचा स्पर पटांगणावर उभ्याउभ्या बदलता येतो.

मग मोटरीच्या मागच्या टोकाला आधार द्यायचा ठरले. पहिला आराखडा डेलरिन या टणक प्लास्टिकच्या दोन भागांच्या कड्याचा होता. ४२ मिमीच्या भोकाचे १२ मिमी जाडीचे कडे, खालून चासीला स्क्रू. थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्या मित्रांनी छापून देण्याची तयारी दाखवली होती, पण छपाईचे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच नरम पडते आणि पीईटीजीही ऐंशीच्या पुढे भरवशाचे राहत नाही. माझ्या मोटरीचा कॅन ठाण्याच्या मे महिन्यात बॅटरी संपेपर्यंत सत्तरीच्या वर जातो, त्यामुळे तो मार्ग नकोच. डेलरिन त्या तापमानाला टिकते, पण गरम झाल्यावर अॅल्युमिनिअमच्या चार-पाच पट अधिक प्रसरण पावते. चाळीस अंशांच्या वाढीला ४२ मिमीचे भोक पावणेदोन दशांश मिमी तरी मोठे होईल, आणि कॅन मात्र त्या मानाने नगण्य वाढेल. म्हणजे आधार सर्वाधिक लागतो तेव्हा, शेवटच्या उड्यांच्या वेळी, कडे सैल झालेले असेल. काकांशी बोलता बोलता हा हिशेब कागदावर उतरला आणि डेलरिन रद्द झाले.

त्यांनी मग अॅल्युमिनिअमच्या जाड पट्टीतून एक खोगीर कापून दिले. त्यात ४२ पेक्षा किंचित मोठा अर्धगोल आहे, मध्ये पातळ सिलिकॉन रबराची पट्टी आहे आणि वरून अॅल्युमिनिअमच्या पत्र्याचा पट्टा आहे. मोटर दोन्ही टोकांना आवळून धरू नये, हा त्यांचा आग्रह होता, कारण दोन आधार एका रेषेत काटेकोर नसतील तर मोटर आतून ताणाखाली राहते आणि तिच्या बेअरिंगांचे आयुष्य कमी होते. रबरामुळे थोडी मोकळीक राहते आणि उसळी मारतानाही टोक वर उडत नाही. खोगिराच्या तळाची भोके लांबट ठेवली आहेत, कारण पिनियन बदलताना मोटर सरकवावी लागते. चासीच्या खालून २ मिमीची पट्टी लावून स्क्रू त्या पट्टीत आवळले, जेणेकरून प्लास्टिकवर एकाच जागी जोर येणार नाही. सर्व स्क्रूंना निळे लॉकटाइट २४३, म्हणजे स्क्रू ढिले होऊ न देणारा द्रव, लावले. लाल लावू नका, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि मग स्वस्तातल्या अॅलन की स्क्रूची डोकी गोल करून टाकतात. २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे दोन ड्रायव्हर घ्यावेत. या छंदात त्याइतकी सार्थ खरेदी दुसरी नाही.

खोगीर बसल्यावर पुन्हा निळा रंग लावला, पुन्हा खारघरला गेलो, त्याच उतारावरून उड्या मारल्या. चासीवर ठसा नाही. नंतरच्या बॅटरीला ईएससीचा पंच (सुरुवातीचा झटका) पूर्ण ठेवला, आणि गाडी खाली उतरताच अर्ध्या थ्रॉटलवर पुढची चाके उचलून तशीच पळत गेली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मंडळींनी दिलेली दाद मी मनसोक्त अनुभवली. शेवटी इन्फ्रारेड गनने मोटर ७४ अंश आणि ईएससी ६१ अंश दाखवत होता. मोटर नव्वदीच्या पुढे गेली तर चुंबकाची काळजी करावी लागते, त्यामुळे या उकाड्यात हा आकडा सुखाचा आहे. खोगिरातून थोडी उष्णता खालच्या पट्टीत उतरत असावी, कारण ती पट्टीही हाताला कोमट लागत होती.

इथपर्यंत लिहून झाल्यावर सिक्स-एसकडे, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीकडे, जाण्याचा बेत मांडणार होतो. पण ही आकडेमोड कागदावर असतानाच एक वेगळी गोष्ट लक्षात आली. ०.८ मॉड्यूलच्या ६५ दातांच्या स्परचा पिच व्यास ५२ मिमी येतो, आणि मॉड १ (१ मॉड्यूल) चा ५२ दातांचा स्परही नेमका तेवढाच मोठा असतो. त्याला १४ दातांचे पिनियन लावले तर गुणोत्तर ३.६१ ऐवजी ३.७१ होते, म्हणजे किंचित अधिक ओढ आणि किंचित कमी उष्णता. दोन्ही मध्यांमधील अंतर ३३.२ वरून ३३ मिमीवर येते, आणि एवढे तर खोगिराच्या लांबट भोकांमध्येच सामावते. बदल्यात प्रत्येक दात पाव पटीने जाड मिळतो. सिक्स-एसचा विचार म्हणूनच पुढे ढकलला आहे. २२.२ व्होल्टला ही मोटर पन्नास हजार फेऱ्यांच्या जवळ जाईल, टायर तबकडीसारखे पसरतील, आणि तो जोर पेलणारे दात आधी असायला हवेत. त्या वेळी एक्सटी-९० चा ठिणगीरोधक कनेक्टरही लागेल, कारण ईएससीचे कॅपॅसिटर भरताना उडणारी ठिणगी कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा काळा करून टाकते. १० गेजच्या तारेसाठी माझा जुना सोल्डरिंग गन तोकडा पडतो, हेही त्यासोबत आलेच.

पाऊस सुरू होण्याआधी निदान गिअरांचा बदल उरकायचा आहे, कारण नंतर मुरमाचा चिखल होतो आणि मोटरीची बेअरिंगे गंजायला वेळ लागत नाही. मॉड १ चा ५२ दातांचा, माझ्या स्लिपरच्या पॅडला जुळणारा स्पर मी शोधतो आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत कोणाकडे ५ मिमी भोकाचे, मॉड १ चे १४ दातांचे पोलादी पिनियन वापराविना पडून असेल तर रविवारी सोबत घेऊन यावे. डायल गेज मी आणतो.