माझ्याच तक्रारीने अडवलेले भोगवटा प्रमाणपत्र

घर बांधून पूर्ण झाल्यानंतर सात महिन्यांनी आमच्या नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून मला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला परवानगी देणारा कागद, मिळाले. बांधकाम परवानगीच्या वेळी काही त्रास झाला नव्हता. सातबारा, मोजणी नकाशा, परवानाधारक अभियंत्याने तयार केलेले नकाशे, विकास शुल्क आणि बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर एवढे भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र वेळेत आले. जोत्याची तपासणीही अभियंत्याच्या आग्रहामुळे रीतसर झाली. अडले ते शेवटच्या कागदाला, आणि तेही मीच रागाच्या भरात लिहिलेल्या एका पत्रामुळे.

आमच्या ठेकेदाराने स्लॅब टाकल्यानंतर गिलाव्याचे पैसे आगाऊ घेतले आणि त्यानंतर तो साइटवर फिरकलाच नाही. त्या आठवड्यात मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला की, काम निकृष्ट असून ठेकेदारावर कारवाई व्हावी. हा खासगी करारातील वाद असून तो नगरपरिषदेच्या अधिकारात येत नाही, असे उत्तर पंधरा दिवसांत आले. तेव्हा चीड आली, पण उत्तर बरोबर होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार मिळणारी परवानगी जमीनमालकाच्या नावे असते, आणि काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले की नाही, एवढेच कार्यालय पाहते. ठेकेदार कोण, त्याला किती पैसे दिले, याच्याशी त्या नस्तीचा (फाइलचा) संबंध नसतो. अभियंता बदलला तर मात्र कार्यालयाला कळवावे लागते.

दुसरा मिस्त्री लावून काम संपवले आणि अभियंत्याच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह भोगवट्यासाठी अर्ज केला. रचना सहायक आले, त्यांनी चारही बाजूंची सामासिक अंतरे (घर आणि भूखंडाची हद्द यांत सोडायची मोकळी जागा) टेप धरून मोजली, जिन्याची रुंदी पाहिली आणि सर्व नकाशाप्रमाणे असल्याचे तोंडी सांगून गेले. त्यानंतर नस्ती हलेना. पहिल्या दोन फेऱ्यांत साहेब बैठकीला होते. तिसऱ्या फेरीत लिपिकाने नस्ती उघडली, पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवले. ते माझेच पत्र होते. त्याच्या समासात लाल शाईने लिहिले होते: ‘बांधकामाबाबत तक्रार प्रलंबित.’ ज्या तक्रारीशी आपला संबंध नाही असे कार्यालयाने मला लेखी कळवले होते, तीच तक्रार आता निकाली निघालेली नाही म्हणून प्रमाणपत्र थांबवले होते. यावर उपाय काय, असे विचारल्यावर लिपिक म्हणाले, “ठेकेदाराचे ना-हरकत पत्र आणा, मग लगेच होईल.” जो माणूस माझा फोन उचलत नव्हता आणि ज्याला मी वकिलाची नोटीस पाठवली होती, त्याची हरकत नाही हे मी कोणत्या तोंडाने लिहून आणणार होतो? मी आवाज चढवला. ती माझी चूक होती, कारण त्यानंतरच्या दोन फेऱ्या मला बाकावर बसून काढाव्या लागल्या.

उपयोग झाला तो कागदाचा. ठेकेदाराचे ना-हरकत पत्र कोणत्या नियमानुसार आवश्यक आहे ते लेखी कळवावे, अशी विनंती करणारा अर्ज मी दिला. माझी तक्रार कामाच्या दर्जाबद्दल होती, मंजूर नकाशाच्या उल्लंघनाबद्दल नव्हती, आणि ती आपल्याच पत्राने निकाली निघाली आहे, असा खुलासा त्यात करून त्या उत्तराची प्रत व अभियंत्याचे पत्र जोडले. अर्ज टेबलावर न ठेवता आवक विभागात दिला आणि शिक्का व क्रमांकासह पोच घेतली. आधीच्या फेऱ्यांची माझ्याकडे एकही पोच नव्हती, म्हणजे कागदोपत्री मी तिथे गेलोच नव्हतो. या अर्जालाही उत्तर आले नाही, तेव्हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली प्रथम अपील केले. हे अपील सेवेची मुदत संपल्यापासून किंवा अर्ज नाकारल्यापासून ३० दिवसांत करावे लागते. सुनावणीची तारीख येण्यापूर्वीच प्रमाणपत्रावर सही झाली. त्या दिवशी मी नियमाचा प्रश्न पुन्हा काढला नाही, लिपिकांनीही काढला नाही.

ठेकेदाराबद्दल लिहायचे तर, त्याची तक्रार नगरपरिषदेकडे करून मी वेळ घालवला. स्वतःच्या भूखंडावर ठेका देऊन घर बांधणाऱ्याला महारेराचाही (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचाही) उपयोग नाही, कारण त्यामागचा कायदा प्रवर्तकांच्या (बिल्डरांच्या) प्रकल्पांसाठी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘सेवा’ या व्याख्येत गृहबांधणी येते, म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ते प्रकरण अजून सुरू आहे. तिथे माझी बाजू एका ठिकाणी लंगडी आहे. नवा मिस्त्री कामाला लागण्यापूर्वी अभियंत्याकडून झालेल्या कामाचे मोजमाप लिहून घ्यायला हवे होते आणि छायाचित्रेही काढायला हवी होती. मी ती गिलावा निम्मा झाल्यावर काढली, त्यामुळे विटांच्या सांध्यांतील पोकळी आता कोणाला दाखवता येत नाही. आगाऊ रक्कम धनादेशाने दिली होती, एवढे एक बरे झाले. आणखी एक सांगायचे राहिले: आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची असते, आणि नगरपरिषदेत नस्ती अडकून पडलेले महिने त्यातून वजा होत नाहीत.