सेल्मा ते माँटगोमेरी: मताच्या हक्काचा 54 मैलांचा रस्ता

अमेरिकेला जाणारी आपली मंडळी न्यूयॉर्क, नायगारा, सॅन फ्रान्सिस्को पाहून परततात. दक्षिणेतल्या अलाबामा राज्याचं नाव क्वचितच निघतं. पण माणसांना बरोबरीचा हक्क नाकारायचा तर रोजच्या व्यवहारात काय काय करावं लागतं, कोणतं कार्यालय कधी बंद ठेवायचं, कोणता फॉर्म किती लांब करायचा, हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

विमानाने अटलांटाला उतरायचं आणि गाडी भाड्याने घ्यायची, कारण सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर ही सहल होत नाही. माँटगोमेरी तिथून सुमारे 160 मैल, अडीच तासांचा रस्ता. अलाबामाची हद्द लागली की घड्याळ एक तास मागे करा. मुक्काम माँटगोमेरीत ठेवा, पण बघायला सुरुवात सेल्मापासून करा. बहुतेक लोक आधी माँटगोमेरीतली संग्रहालयं करतात, मग दमलेल्या अंगाने सेल्मा गाठतात, पुलाचा फोटो काढतात आणि मागे फिरतात. सकाळी लवकर निघून हायवे 80 ने तासाभरात सेल्मा गाठावं आणि काळ्यांच्या मताच्या हक्कासाठी 1965 मध्ये निघालेला मोर्चा ज्या दिशेने गेला त्याच दिशेने परत यावं.

सेल्मा आज थकलेलं गाव आहे. 1960 मध्ये वस्ती 28 हजारांवर होती, 2020 च्या जनगणनेत ती 18 हजारांच्या आत आली. त्यात जानेवारी 2023 च्या टोर्नेडोने घरंच्या घरं उचलली. पुलाआधी डॅलस काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, न्यायालयाकडे जा. पर्यटकांची गर्दी पुलावर असते, इथे फारसं कोणी थांबत नाही, पण सगळी गोष्ट सुरू होते ती इथल्या पायऱ्यांवर. मतदार नोंदणीचं कार्यालय इथे होतं आणि ते महिन्यातून फक्त दोन दिवस उघडायचं. नोकरी बुडवून, तासन् तास रांगेत उभं राहून आत पोचलं की हातात अनेक पानी फॉर्म. शिवाय राज्यघटनेतला उतारा वाचायचा, लिहून दाखवायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची. आधीच मतदार असलेल्या माणसाने ओळख द्यावी लागे. आता काळे मतदारच नसतील तर काळ्या माणसाची ओळख देणार कोण? फॉर्ममधली एखादी चौकट रिकामी राहिली तरी तेवढं कारण पुरे. यातून पार पडलं तरी मतदानासाठी दीड डॉलर वार्षिक कर होताच. मतदानाच्या वयाचे सुमारे 15 हजार काळे लोक या काउंटीत होते, आणि 1965 च्या सुरुवातीला त्यातल्या जेमतेम 300 जणांची नावं यादीत होती. कायद्याच्या पुस्तकात मात्र काळ्यांना मत नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तिथून ब्राऊन चॅपल. मोर्चे या चर्चमधून निघत. मग चालत ब्रॉड स्ट्रीटवरून पुलाकडे. हा पूल गाडीतून ओलांडू नका, चालतच जा. त्याच्या कमानीवर ठळक अक्षरांत एडमंड पेटसचं नाव आहे. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्याचा हा सेनानी, पुढे सिनेटर, आणि काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा पुढारी. पूल मध्यावर उंच आहे, त्यामुळे चढ संपेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. 7 मार्च 1965 ला जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्या मागे सुमारे 600 माणसं निघाली, तेव्हा माथ्यावर आल्यावरच त्यांना समोर पोलिसांची भिंत दिसली. मग अश्रुधूर, लाठ्या, घोडेस्वार. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या कायद्याची मागणी संसदेपुढे मांडली आणि 6 ऑगस्टला त्यावर सही केली.

पेट्रोल सेल्मातच भरा, जेवणही तिथेच उरका, पुढे फार काही मिळत नाही. 21 मार्चला अखेर न्यायालयाच्या परवानगीने मोर्चा निघाला, तो या रस्त्याने. रस्ता जिथे दुपदरी होता तिथे 300 पेक्षा जास्त माणसं चालू नयेत अशी न्यायाधीशांची अट होती. मुक्कामाच्या जागांवर पाट्या आहेत. पहिल्या तिन्ही मुक्कामांची शेतं काळ्या मालकांची, कारण गोऱ्याने जागा दिली नसती आणि खंडाने कसणाऱ्या काळ्याला देता आली नसती. ही जमीन आजही खाजगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघावं.

अर्ध्या वाटेवर लाउंड्स काउंटीतलं माहिती केंद्र आहे. राष्ट्रीय उद्यान विभागाचं आहे, वेळ आधी पाहून घ्या आणि दोन तास राखून ठेवा. 1965 च्या सुरुवातीला या काउंटीत पाचातले चार लोक काळे, आणि त्यांच्यातला मतदार एकही नाही. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्याही वर, कारण मेलेल्या आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं कुणी काढलीच नव्हती. नाव नोंदवणाऱ्या कुळांना मालकांनी घराबाहेर काढलं, ती कुटुंबं तंबूंत राहिली. केंद्र उभं आहे ते त्याच तंबूवस्तीच्या जागेवर.

मराठी माणसाने इथे थांबावं असं आणखी एक कारण आहे. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह असे. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड छापलेली. इथल्या काळ्या शेतकऱ्यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा बिबट्या, म्हणजे ब्लॅक पँथर. 1966 च्या निवडणुकीत ते हरले, पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तरुणांनी ते चिन्ह आणि नाव उचललं, आणि त्यांच्यावरून 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. वरळीच्या बीडीडी चाळींत दुमदुमलेल्या नावाचं मूळ या कापसाच्या शिवारात आहे. पक्षाचे नेते जॉन ह्यूलेट 1970 मध्ये याच काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.

कापसाची जमीन म्हणजे काळी चिकण माती. विदर्भात काळ्या रानात घर बांधणाऱ्याला ती ओळखू येईल: पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून साधी सेप्टिक टाकी इथे चालत नाही. मैला जमिनीत जिरण्याऐवजी घरात उलटा येतो. चालेल अशी यंत्रणा बसवायची तर हजारो डॉलर लागतात, अनेकांची वर्षाची कमाईही तेवढी नसते. मग पाइप थेट मागच्या अंगणात सोडला जातो. सरकारने वर्षानुवर्षं त्या गरिबांनाच दंडाच्या नोटिसा दिल्या. 2023 मध्ये केंद्रीय न्याय खात्याने राज्याशी करार करून हे थांबवलं, आणि 2025 मध्ये नव्या सरकारने तो करारच रद्द केला. मला या रस्त्यावरची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. पुलावरच्या लाठ्या जगाने पाहिल्या, हा पाइप बघायला कॅमेरे फारसे आले नाहीत.

मताच्या बाबतीतही असंच झालं. जिथे भेदभावाचा इतिहास आहे त्या राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी, हा 1965 च्या कायद्याचा कणा होता. 2013 मध्ये अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. पुढच्या वर्षी मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि 2015 मध्ये राज्याने, ओळखपत्र म्हणून चालणारं ड्रायव्हिंग लायसन्स देणारी 31 कार्यालयं बंद केली. त्यातली बरीच याच पट्ट्यातली. ओरड झाल्यावर ती महिन्यातून एक दिवस उघडायचं ठरलं.

माँटगोमेरीत डेक्स्टर ॲव्हेन्यू खालून वर चालत जा. खाली कोर्ट स्क्वेअर: इथे गुलामांचा बाजार भरे, आणि गोऱ्यासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स 1 डिसेंबर 1955 ला इथूनच बसमध्ये चढल्या. वर कॅपिटॉल, मोर्चा संपला ती जागा, आणि त्याच्या खालीच मार्टिन ल्यूथर किंग यांचं चर्च. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंडबळींचं स्मारक: 800 हून जास्त पोलादी स्तंभ, प्रत्येक काउंटीचा एक, त्यावर मारलेल्यांची नावं. सुरुवातीला स्तंभ तुमच्या उंचीचे असतात, पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकू लागतात. लाउंड्सचा स्तंभ शोधून वाचा. लेगसी म्युझियम या संग्रहालयाला किमान तीन तास द्या, स्मारक आणि संग्रहालय एकाच दिवशी जेवणापूर्वी उरकायला जाऊ नका. सोमवार-मंगळवार टाळून बेत आखा, आणि शक्यतो मार्च निवडा: जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात पूल चालवत नाही.