ग्लासगोत बॉईज ब्रिगेडची लीडर झाले, तो सगळा प्रवास

परदेशात राहताय, चर्चमधल्या मुलांच्या कामात मदत करायची मनापासून इच्छा आहे, पण फॉर्म आणि चौकशी म्हटलं की पाय मागे येतो, अशा कुणासाठी तरी हे लिहितेय. मला त्या वेळी मराठीत कुणी सांगितलं असतं तर सहा महिने मनातल्या मनात घाबरण्यात गेले नसते.

आम्ही मूळचे जालन्याचे. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात होतो, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे ग्लासगोला आलो. इथे घराजवळच्या चर्चमध्ये जायला लागलो तेव्हा मुलगा साडेपाच वर्षांचा होता, इंग्रजी समजायचं पण बोलायचा नाही, शाळेत डबा उघडून एकटाच बसायचा. एका रविवारी उपासनेनंतर एक आजी आल्या आणि म्हणाल्या की शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये अँकर्स असतात, याला पाठव ना. मला वाटलं जहाजाचा काही खेळबिळ असेल. नंतर कळलं की अँकर्स म्हणजे बॉईज ब्रिगेड या चर्चमधून चालणाऱ्या मुलांच्या संघटनेतला सगळ्यात लहान मुलांचा गट, पाच ते आठ वयाचा, त्यांच्या पुढे ज्युनियर्स, मग अकरा वर्षांपासून कंपनी सेक्शन आणि शेवटी सीनियर्स.

आपल्याकडे स्काऊट-गाईड सगळ्यांना माहीत असतं, पण बॉईज ब्रिगेड त्याच्याही आधीची आहे. 4 ऑक्टोबर 1883 ला याच ग्लासगो शहरात, नॉर्थ वुडसाईड रोडवरच्या फ्री चर्चच्या मिशन हॉलमध्ये ती सुरू झाली. सुरू करणारे विल्यम अलेक्झांडर स्मिथ, उत्तरेकडच्या थर्सो गावचे, ग्लासगोत काकांच्या धंद्यात आलेले. आठवडाभर धंदा, शनिवारी स्वयंसेवक सैनिकांच्या पलटणीत कवायत आणि रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेत, शिकवायचे. शब्बाथ शाळेतली मोठी मुलं काही केल्या ऐकेनात, दंगा करायची, आणि तेरा-चौदा वर्षांची झाली की येणंच बंद करायची. तेव्हा स्मिथ यांच्या डोक्यात आलं की पलटणीत जी शिस्त चालते ती इथे का चालू नये. त्यातून कवायत, खेळ, बँड, बायबल क्लास असं सगळं एकत्र आलं. 1886 ला तर मुलांना टिग्नाब्रूइकला कॅम्पला घेऊन गेले, त्या काळात गरीब घरच्या मुलांना कोण समुद्रावर नेत होतं. स्काऊटचे बेडन-पॉवेल स्वतः ब्रिगेडचे उपाध्यक्ष होते आणि 1907 च्या त्यांच्या ब्राऊनसी बेटावरच्या पहिल्या प्रयोगाच्या कॅम्पमध्ये ब्रिगेडचीही मुलं होती.

फ्री चर्च हे नाव वाचलं तेव्हा मी पप्पांना लगेच फोन केला. कारण जालन्याच्या ख्रिस्ती घरांमध्ये हे नाव परकं नाही. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्री याच फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधले, जालन्याजवळचं बेथेल गाव त्यांनी वसवलं, आमचे पूर्वज तिथलेच. म्हणजे ज्या मंडळीने आमच्या खापरपणजोबांच्या हातात पाटी दिली तिच्याच इथल्या एका हॉलमध्ये ही ब्रिगेड जन्मली. पप्पा फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "जाऊ दे त्याला. तूही जा."

तर मुलगा जायला लागला. लाल स्वेटशर्ट मिळाला, त्याच्यावर नांगराचं चिन्ह. पहिले दोन शुक्रवार माझा हात सोडायला तयार नाही म्हणून मीही भिंतीला टेकून बसायचे. तिसऱ्या शुक्रवारी टक शॉपवर, म्हणजे शेवटी मुलांना दहा-वीस पेन्सचा खाऊ विकतात त्या टेबलावर, माणूस कमी होता म्हणून मी उभी राहिले. चौथ्या-पाचव्या वेळेला कॅप्टन (कंपनीच्या, म्हणजे ब्रिगेडच्या स्थानिक शाखेच्या, प्रमुखाला कॅप्टन म्हणतात, साधे शाळेत शिकवणारे गृहस्थ आहेत) जवळ येऊन म्हणाले की तुम्ही दर शुक्रवारी येताच, तर लीडर का होत नाही, पण त्यासाठी सगळी प्रोसेस नीट करावी लागेल, ती झाल्याशिवाय मी तुम्हाला मुलांची जबाबदारी देऊ शकत नाही.

मला ते ऐकून आधी वाईट वाटलं, खरं सांगते. वाटलं, माझ्यावर विश्वास नाही का, मी तर एक आई आहे. जालन्यात शब्बाथ शाळेत मी अठराव्या वर्षापासून शिकवलंय, पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं होतं की बाळा येशील का. पण घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं की माझं मूल मी दर शुक्रवारी त्या हॉलमध्ये सोडून येते, तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाची अशी चौकशी झालेली असावी असं मला वाटतं ना, मग माझी का नको. हे एकदा पटलं आणि त्यानंतर मला कुठल्याच कागदाचा राग आला नाही.

स्कॉटलंडमध्ये मुलांसोबत काम करायचं तर पीव्हीजी म्हणून एक योजना आहे, त्याचं सदस्यत्व लागतं, 2025 पासून तर कायद्यानेच बंधनकारक झालंय. सरकार तुमची मागची माहिती तपासतं, मुलांसोबत काम करायला तुम्ही योग्य आहात की नाही ते बघतं, आणि पुढेही नोंद चालू राहते. स्वयंसेवकांना अशा संस्थांमधून त्याची फी पडत नाही, हे मला माहीत नव्हतं, मी उगाच पैशाचा हिशोब करत बसले होते.

फॉर्मचा खरा घोळ नावापाशी झाला. आधीची सगळी नावं लिहा असं असतं. आता आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही बदललेलं. माझ्या पासपोर्टवर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तर आजीने ठेवलेलं तिसरंच. मी आधी फक्त पासपोर्टचं लिहिलं, मग रात्री झोप येईना की हे खोटं तर नाही ना ठरणार. दुसऱ्या दिवशी कॅप्टनच्या बायकोला सगळं सांगितलं, त्या कंपनीचं कागदपत्रांचं काम बघतात, तर त्या म्हणाल्या की जी जी नावं कागदावर वापरली ती सगळी लिही, जास्त झाली तरी चालतात, लपलेलं एकही नको. त्यांना मधल्या नावाची पद्धत समजावून सांगितली तर त्यांनी वहीत लिहून घेतली, पुढे कुणी भारतातून आलं तर उपयोगी पडेल म्हणून.

मग पत्ते. मागच्या पाच वर्षांचे, तारखांसकट, मध्ये एकही महिना रिकामा नको. पुण्यातला फ्लॅट सरळ होता, पण इकडे येण्याआधी चार महिने मी माहेरी होते आणि आमच्या घराला नंबरच नाही, पत्ता म्हणजे मिशन कंपाउंडच्या मागे, विहिरीजवळ. पोस्टमन तेवढ्यावर पत्र आणतो. शेवटी पप्पांनी लाईट बिलाचा फोटो पाठवला त्यावर जसं छापलंय तसं टाकलं. भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही आमच्याकडे मागितलं, ते व्हायला सगळ्यात जास्त दिवस लागले. त्यामुळे बाहेरून आलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की जुने भाडेकरार, बिलं, सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि ते सर्टिफिकेट पहिल्याच आठवड्यात सुरू करा, शेवटी नको.

दोन ओळखीच्या माणसांची पत्रंही लागली, नातेवाईक चालत नाहीत. एक मुलाच्या शाळेतल्या बाईंनी दिलं आणि दुसरं आमच्या जालन्याच्या पाळकसाहेबांनी, त्यांनी इंग्रजीत दीड पान लिहिलं आणि खाली मराठीत आशीर्वाद.

या सगळ्यात दोन-अडीच महिने गेले. तोपर्यंत मी हॉलमध्ये होते पण टक शॉपच्या टेबलामागेच, आणि कधीही एकटी मुलांसोबत नाही. मग बालसंरक्षणाचं ट्रेनिंग झालं. ते माझ्यासाठी फार मोलाचं होतं, आपण आपल्या चर्चेसमध्ये हे शिकवत नाही आणि शिकवायला पाहिजे असं मला अगदी कळकळीने वाटतं. मुलाने काही सांगितलं तर त्याला गुप्त ठेवायचं वचन द्यायचं नाही, खोदून खोदून विचारायचं नाही, ऐकायचं, त्याच्याच शब्दात लिहून ठेवायचं आणि ज्याची जबाबदारी आहे त्याला त्याच दिवशी सांगायचं. दार उघडं ठेवायचं. एका मुलासोबत एकटं खोलीत थांबायचं नाही. साध्या गोष्टी आहेत, पण मी इतकी वर्षं शब्बाथ शाळा घेतली आणि यातली एकही मला कुणी सांगितली नव्हती.

एक अडचण मात्र कागदाची नव्हती, मनाची होती. ब्रिगेडचा उद्देश एका वाक्यात लिहिलेला आहे, मुलांमध्ये ख्रिस्ताचं राज्य वाढवणं आणि आज्ञाधारकपणा, आदर, शिस्त, स्वाभिमान या सवयी लावणं, आणि शेवटी येतं खरं ख्रिस्ती मॅनलीनेस. यातला आज्ञाधारकपणा हा शब्द 1893 ला नंतर घातला, बाकी 1883 चंच. लीडर म्हणून मी त्या उद्देशाला हो म्हणणार होते. आणि मी त्या शेवटच्या शब्दापाशी अडकले. मर्दानगी म्हणायचं का? मर्द रडत नाही हे ऐकत आमच्या घरातले पुरुष मोठे झाले आणि त्याचा त्रास मी पाहिलाय. त्यात वाचलं की सुरुवातीच्या काळात मुलं खोट्या रायफली घेऊन कवायत करायची, त्या नंतर बंद झाल्या, तरी मला कसंतरी झालं. पप्पांना विचारलं, मराठीत याला काय म्हणाल. त्यांनी दोन दिवस घेतले. मग फोन करून म्हणाले, "पौरुष म्हणू नको. माणूसपण म्हण. येशू लाजरच्या कबरेपाशी रडला, तेही त्यात येतं." मी हेच मिनिस्टरना, म्हणजे इथल्या चर्चच्या पाळकांना, जसंच्या तसं सांगितलं, अगदी घाबरत, की मी याच अर्थाने हो म्हणेन. ते म्हणाले की याच अर्थाने म्हणा.

रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं करून प्रश्न विचारले, मी हो म्हटलं, मंडळीनेही आम्ही साथ देऊ म्हणून उत्तर दिलं. मुलगा लाल स्वेटशर्टमध्ये पहिल्या बाकावर.

त्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी सुरुवातीची पाच मिनिटांची गोष्ट माझ्याकडे आली. ब्रिगेडचं ब्रीद बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं आहे, आशा म्हणजे जिवाचा नांगर, स्थिर आणि अढळ. आता मराठीत नांगर म्हणजे जहाजाचाही आणि शेताचाही. मी जालन्याची, समुद्र मी पहिल्यांदा बाविसाव्या वर्षी पाहिला, त्यामुळे लहानपणी हे वचन पाठ करताना माझ्या डोळ्यासमोर कायम आजोबांचा लाकडी नांगर आणि बैलजोडी यायची. म्हणून मी फळ्यावर दोन्ही नांगर काढले आणि मुलांना सांगितलं की माझ्या भाषेत या दोघांना एकच शब्द आहे. एक जहाजाला वाहून जाऊ देत नाही, दुसरा घट्ट झालेली काळी माती उघडतो म्हणजे कापसाचं बी आत जाईल. सोळा मुलं मांडी घालून बसलेली, एकाने विचारलं बैलांची नावं काय, मी म्हटलं सर्जा आणि राजा, तर सगळ्यांनी ती नावं म्हणून पाहिली, आणि माझा मुलगा, जो शाळेत तोंड उघडत नव्हता, तो उठून सगळ्यांना र कसा म्हणायचा ते शिकवायला लागला. तसं स्कॉटिश मुलांना र आधीच छान येतो.

आता दुसरं सेशन चालू आहे, इथे सप्टेंबरला सुरू होतं आणि वसंतात डिस्प्लेने संपतं. डिस्प्लेला आई-वडील, आजी-आजोबा सगळे येतात, मोठी मुलं कवायत करतात, आमची छोटी गाण्यावर हातवारे करतात आणि मग बॅजेस मिळतात. थर्सोहून आलेल्या त्या स्मिथसाहेबांची कबर इथल्या वेस्टर्न नेक्रोपोलिसमध्ये आहे, मागच्या ऑक्टोबरात आम्ही तिघं जाऊन फुलं ठेवून आलो, पप्पांनी सांगितलं होतं म्हणून.

दोन आठवड्यांपूर्वी एक नवीन आई आली, लेकाला सोडायला, आणि भिंतीला टेकून बसली. दोन शुक्रवार झाले, ती बसतेच आहे. मी तिला टक शॉपच्या टेबलावर बोलावलंय.