स्पॅनिश स्नायूंना इंग्रजी नावं लावताना

एरवी माझ्याकडे येतात ती शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची कागदपत्रं. स्पेन-मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांनी ड्रॉइंगवर लिहिलेल्या सूचना, कास्टिंग रिजेक्ट झाल्याचे रिपोर्ट, पॅकिंगचे नियम. स्पॅनिशचं इंग्रजी करून द्यायचं आणि बिल लावायचं. स्पॅनिश मी पुण्यात शिकले, लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि हा व्यवसाय इथेच जमला. गेल्या पावसाळ्यात मात्र एका भाषांतर संस्थेने अर्जेंटिनातलं फिजिओथेरपीचं शिकवण्याचं साहित्य पाठवलं. स्नायूंचे तक्ते, दुखापतींची वर्णनं, व्यायाम असा भला मोठा गठ्ठा, जुन्या छापील पानांवरून स्कॅन केलेला. इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो इंग्रजीत हवा होता.

सोबत नमुना म्हणून आधी कोणीतरी केलेलं एक प्रकरण होतं. त्यात मांडीच्या आतल्या बाजूच्या एका स्नायूचं नाव 'इंटर्नल रेक्टस' दिलेलं. मूळ स्पॅनिश 'रेक्तो इन्तेर्नो', म्हणजे शब्दाला शब्द बरोबर बसलेला. पण इंग्रजी शरीररचनाशास्त्रात मांडीमध्ये या नावाचा स्नायूच नाही. जांघेच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली आतल्या अंगाला उतरणारा हा लांब, सडपातळ स्नायू इंग्रजीत ग्रॅसिलिस म्हणून ओळखला जातो. 'रेक्तो इन्तेर्नो' डोळ्यातही आहे; तिथे तो मीडिअल रेक्टस, डोळा नाकाकडे वळवणारा. आणि नुसतं 'रेक्तो' म्हटलं तर गुदाशय. मी संस्थेला त्याच दिवशी कळवलं, की हा नमुना बाजूला ठेवते, सगळं पहिल्यापासून करते.

डिक्शनरी उघडून एकेका शब्दापुढे दुसरा शब्द लिहीत गेलं तर हे काम होत नाही, आणि त्याला कारण आहे. अवयवांच्या नावांची एकच लॅटिन यादी असावी म्हणून १८९५ मध्ये बाझेलला एक यादी ठरली. फ्रेंचांनी मात्र आपली जुनी नावं सोडली नाहीत, आणि स्पॅनिश भाषेतलं वैद्यकीय शिक्षण वाढलं ते फ्रेंच ग्रंथांवर. लेओ तेस्त्यू या फ्रेंच शरीररचनाकाराचा ग्रंथ स्पॅनिश भाषांतरातून पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. पुढे १९५५ मध्ये पॅरिसला नवी यादी झाली, १९९८ मध्ये 'टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिका' आली, स्पॅनिशमध्येही नवी नावं रुळायला लागली. पण दवाखान्यात, व्यायामशाळेत आणि जुन्या शिक्षकांच्या तोंडी जुनी नावं तशीच राहिली. माझ्या गठ्ठ्यात तर दोन्ही एकत्र होती. एका पानावर 'सुपिनादोर लार्गो', चार पानांनंतर 'ब्राकिओर्रादिआल', आणि दोन्हीचं इंग्रजी एकच, ब्रेकिओरेडिअलिस. जुनं नाव सांगतं की हा तळहात वर फिरवणारा लांब स्नायू. प्रत्यक्षात त्याचं मुख्य काम कोपर वाकवण्याचं.

इंग्रजीत बहुतेक स्नायूंची लॅटिन नावं तशीच ठेवलेली आहेत, हा या कामातला मोठा आधार. म्हणजे लॅटिन नाव सापडलं की इंग्रजी सापडलं. प्रश्न उरतो तो स्पॅनिशवरून लॅटिनपर्यंत पोचायचा. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. पहिल्या रकान्यात स्पॅनिश नाव जसंच्या तसं, दुसऱ्यात स्नायू कुठल्या हाडापासून निघतो, तिसऱ्यात कुठे जाऊन चिकटतो, चौथ्यात त्याचं काम, पाचव्यात त्याला कुठली नस, म्हणजे नर्व्ह, जाते. इंग्रजी नावाचा रकाना सगळ्यात शेवटी, आणि आधीचे रकाने भरल्याशिवाय त्यात काही लिहायचं नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला. मूळ साहित्यात बहुतेक ठिकाणी ही माहिती होतीच. जिथे नव्हती तिथे इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'मायोर' या शब्दाने. अर्थ साधा आहे, मोठा. पण लॅटिनमध्ये मोठ्याच्या पायऱ्या आहेत आणि स्पॅनिशमध्ये एकट्या 'मायोर'वर सगळी भिस्त. 'पेक्तोराल मायोर' म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर, इथपर्यंत सरळ. 'ग्लूतेओ मायोर' मात्र ग्लूटिअस मॅक्झिमस, कारण तिथे तीन भावंडं आहेत आणि हा त्यातला थोरला. 'आदुक्तोर मायोर' झाला अ‍ॅडक्टर मॅग्नस. 'सेर्रातो मायोर' म्हणजे सेरेटस अँटिरिअर, इंग्रजी नावात मोठेपणाचा उल्लेखच नाही. 'ओब्लिकुओ मायोर' पोटावर असेल तर एक्स्टर्नल ऑब्लिक, डोळ्यात असेल तर सुपीरिअर ऑब्लिक. या सगळ्यांना सरसकट 'मेजर' लावून टाकलं असतं तर वाचायला कुठेच खटकलं नसतं, आणि हीच या कामातली भीती आहे.

'पाल्मार मायोर'पाशी मात्र मला कागदावरून समाधान होईना. हाताच्या पुढच्या बाजूचा हा स्नायू. शेजारी 'पाल्मार मेनोर'. इंग्रजीत पामॅरिस लाँगस नावाचा स्नायू आहे, आणि लाँगस म्हणजे लांब, तेव्हा कुणालाही वाटेल की मायोर म्हणजे तोच. तक्ता उलटं सांगत होता. पाल्मार मेनोर हा पामॅरिस लाँगस, आणि पाल्मार मायोर हा फ्लेक्सर कार्पी रेडिअलिस. हे डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

मंगळवार पेठेत आमच्या ओळखीच्या एक फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांच्याकडे तालमीतली पोरं आणि फुटबॉलवाले यांचीच रीघ. संध्याकाळी येऊन बसायची परवानगी त्यांनी दिली. त्या वेळी टेबलावर राधानगरीकडचा एक तरणा मल्ल बसला होता, मनगट धरून, आणि बाजूला त्याचे वस्ताद. मॅडमनी त्याला चांगल्या हाताचा अंगठा आणि करंगळी जुळवायला सांगितली, मग मनगट थोडं आत वाकवायला. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ वर आली, आणि तिच्या शेजारी, अंगठ्याच्या बाजूला, दुसरी जाड दोरी. मॅडमनी मधल्या दोरीवर बोट टेकवलं, "ही पामॅरिस लाँगस. आणि ही अंगठ्याकडची फ्लेक्सर कार्पी रेडिअलिस, तुमचा तो मायोर."

मग दुखऱ्या हातावर हळूच तेच करायला लावलं. तिथे अंगठ्याकडची दोरी दिसली, मधली आलीच नाही. पोरगा घाबरला. वस्ताद पुढे सरकून म्हणाले, "शीर तुटली काय मॅडम?"

"न्हाई वस्ताद, जन्मापासनंच नसंल. लई लोकांस्नी ती एका हाताला नसती, काहींना दोन्ही हातांना नसती. पकडीला काय कमी पडत न्हाई."

मॅडम एरवी माझ्याशी बोलतात ती भाषा वेगळी, तालमीच्या माणसांशी ही अशी. वस्तादांनी स्वतःचं मनगट वाकवून दोन्ही हातांच्या दोऱ्या मोजल्या आणि मग ते निवांत झाले. माझ्या मनातलं मात्र नीट जागेवर आलं. पामॅरिस लाँगस काही माणसांना नसतोच. शस्त्रक्रियेत दुसरीकडे स्नायूबंध जोडायला लागला तर हाच काढून वापरतात, इतका तो सोडून देण्यासारखा. फ्लेक्सर कार्पी रेडिअलिसचं तसं नाही. मनगट वाकवायचा भार त्याच्यावर. पाल्मार मायोरच्या जागी भाषांतरात पामॅरिस लाँगस गेला असता, तर विद्यार्थी अशा स्नायूची ताकद तपासत बसला असता जो समोरच्या माणसाला कदाचित आहेच नाही.

त्यानंतर मी अडलेली नावं साठवून मॅडमकडे न्यायला लागले. तिथेच पोटऱ्यांचा गुंता सुटला. 'खेमेलोस' म्हणजे जुळे, आणि स्पॅनिश माणूस रोजच्या बोलण्यात पोटरीच्या स्नायूला हेच म्हणतो. इंग्रजीत तो गॅस्ट्रोक्नेमिअस. पण खुब्यातही दोन छोटे जुळे स्नायू आहेत, आणि इंग्रजीत जेमेलाय म्हटलं तर फक्त तेच. आता वाक्यात नुसतं 'खेमेलोस ताणा' असेल तर ठरवायचं कसं? मॅडम म्हणाल्या, नाव सोडा, व्यायाम वाचा. भिंतीला हात टेकून, मागचा पाय गुडघ्यात सरळ ठेवून टाच जमिनीवर दाबायची असेल तर तो गॅस्ट्रोक्नेमिअसच, कारण हा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि गुडघा सरळ असला तरच पुरता ताणला जातो. पुढच्याच व्यायामात गुडघा वाकवायला सांगितला होता आणि नाव 'सोलेओ' होतं. तो सोलिअस, गुडघ्याखालून निघणारा. दोन्ही चोख जुळले. तेव्हापासून प्रत्येक व्यायामाचं वर्णन मी नावावर उलटं तपासायचा परिपाठ ठेवला. घरी उभी राहून करून बघायचे. कुठे ताण बसतो ते कळलं की नाव पक्कं.

'पिरामिदाल' हा शब्द तर चार ठिकाणी सापडतो. खुब्यात तो पिरिफॉर्मिस, पोटाच्या तळाशी पिरॅमिडॅलिस, नाकाच्या मुळाशी प्रोसिरस, आणि मनगटात तो स्नायू नसून हाड आहे, ट्रायक्विट्रम. जागेवरून हे कळतं. पण मला खरा धाक बसला तो एका छोट्या 'देल'चा, म्हणजे आपल्या 'चा-ची-चे'सारख्या शब्दाचा. 'सिन्द्रोमे देल पिरामिदाल' म्हणजे पिरिफॉर्मिस सिंड्रोम, खुब्यातल्या त्या स्नायूपाशी सायटिक नस दाबली जाऊन मांडीच्या मागे कळ येते तो त्रास. आणि 'देल' काढून 'सिन्द्रोमे पिरामिदाल' म्हटलं की विषय मेंदूपासून मज्जारज्जूत उतरणाऱ्या मार्गाच्या बिघाडाचा होतो. एका आजारात खुब्याला ताण द्यायचा, दुसऱ्यात रोग्याला न्यूरॉलॉजिस्टकडे धाडायचं. स्कॅनमध्ये अक्षरं पुसट होती, म्हणून असली प्रत्येक ओळ मी मोठी करून वाचली आणि खालच्या लक्षणांशी जुळवली.

'इन्तेर्नो' आणि 'एक्स्तेर्नो'चं मला असं दिसलं: हातापायावर हे शब्द बहुधा शरीराच्या मध्यरेषेजवळचा आणि लांबचा या अर्थाने येतात. 'वास्तो इन्तेर्नो' म्हणजे व्हास्टस मीडिअलिस, 'वास्तो एक्स्तेर्नो' म्हणजे लॅटरॅलिस. पण पोटाच्या तिरक्या स्नायूंत आणि खुब्यातल्या ऑब्च्युरेटर स्नायूंच्या जोडीत ते आत आणि बाहेर याच अर्थाने आहेत, तिथे इंग्रजीतही इंटर्नल, एक्स्टर्नलच राहतं. सगळ्या फाइलभर एकदम शब्द बदलायची सोय इथे वापरूच नये.

स्नायूंच्या नावांपलीकडे दुखापतींचे शब्द होते. त्यातला 'कोन्त्राक्तूरा' सांगायलाच हवा. स्पॅनिश माणसाची मान आखडली, पाठीत उसण भरली, की तो हेच म्हणतो. दिसायला इंग्रजी काँट्रॅक्चर. पण इंग्रजीत काँट्रॅक्चर म्हणजे स्नायू किंवा सांधा कायमचा आखडून बसणं, भाजल्यानंतर किंवा अंग दीर्घकाळ हललंच नाही तर होतं तसं. दोन दिवस शेकून बरा होणारा माणूस इंग्रजी वाचणाऱ्याला अपंग वाटला असता. मी संदर्भ बघून मसल स्पॅझम किंवा टाइटनेस लिहिलं. 'आगुखेतास' म्हणजे बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात ते. आणि संक्षेपात अक्षरं दोनदा आली की स्पॅनिशमध्ये ते अनेकवचन असतं: एम एम आय आय म्हणजे 'मिएम्ब्रोस इन्फेरिओरेस', दोन्ही पाय.

काम देताना संस्थेला दोन गोष्टी लेखी विचारल्या. 'पेरोनेओ'साठी, म्हणजे गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूसाठी, जुनं पेरोनिअस ठेवायचं की १९९८ च्या यादीतलं फिब्युलॅरिस, आणि तक्ता शेवटी जोडायचा का. उत्तर आलं की फिब्युलॅरिस ठेवा, पहिल्या वेळी जुनं नावही द्या, आणि तक्ता जरूर जोडा. मॅडमनी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासला. त्याचे पैसे मी बिलात वेगळे लावले होते, संस्थेने ते मान्य केले. वैद्यकीय कामात त्या विषयातल्या माणसाची तपासणी धरूनच दर सांगावा, हे माझं ठाम मत आहे.

आता त्याच साहित्याचा पुढचा भाग आला आहे, नसांचा. पहिल्याच पानावर 'सिआतिको पोप्लीतेओ एक्स्तेर्नो' आहे. इंग्रजीत ती कॉमन फिब्युलर नर्व्ह, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाच्या मानेभोवती वळसा घेणारी, आणि तिथे दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. तिची जोडीदार 'इन्तेर्नो' म्हणजे टिबिअल नर्व्ह. नवा तक्ता केला आहे, त्यात एक रकाना वाढवला आहे: नस बिघडली तर काय हलत नाही. गुरुवारी मॅडमकडे जायचं आहे.