जालन्याची चाल

पुण्याहून नगर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आत. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा रस्ता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. शिर्डीला निघालेले, शिंगणापूरला निघालेले, वेरूळला निघालेल्या शाळांच्या सहली आणि त्यात रांजणगाव एमआयडीसीचे कंटेनर, सगळे एकाच रस्त्यावर. वाघोलीच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. वाकडेवाडीला चढताना खिडकी मिळाली होती एवढंच समाधान. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सणासुदीला बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि मला ती गर्दी मनापासून आवडते. माहेरी निघालेल्या बायका, मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या, पिशवीतून येणारा चिवड्याचा वास. वैताग येतो तो रस्त्याचा. शिरूरला घोडनदीच्या पुलावर दिवे लागले होते. नगरच्या पुढे तर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दर हंगामात त्यांना मागून धडकून माणसं जातात आणि दर हंगामात त्या तशाच धावतात.

मुळात निघायलाच उशीर झाला होता, तो क्वायरमुळे. पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी आल्टो गाते, म्हणजे बायकांचा खालचा आवाज. ऑक्टोबर लागला की शनिवारची संध्याकाळ तालमीची. सोप्रानो, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायका, चाल घेऊन पुढे जातात. आल्टोला बराच वेळ दोन-तीन सुरांतच राहायचं असतं, आणि तिथे राहूनच सगळ्याला आधार द्यायचा असतो. हे काम मला फार प्रिय आहे. चार आवाज नेमके जुळले की दगडी भिंतीतून पाचवा आवाज आल्यासारखं वाटतं. नाताळाआधीच्या रविवारी आमच्याकडे बायबलमधली नऊ वाचनं आणि नऊ गीतांची उपासना असते. इंग्लंडात ट्रुरोला 1880 मध्ये ती सुरू झाली आणि 1918 पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमुळे जगभर पोचली. ती यंदाही छान झाली. प्रश्न येतो तो 24 तारखेच्या रात्रीचा. त्या उपासनेला सगळे आवाज हवे असतात, आणि आमच्यातले निम्मे लोक तर नगर, सोलापूर, जालन्याकडचे. ज्याचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत त्याला कुणी 24 च्या रात्री शहरात थांबायला सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यासाठी गाणं थोडं पातळ झालं तर होऊ दे. हे मी बोलून दाखवलं, चेहरे उतरले, आणि मी बसस्टँड गाठलं.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. घरी पोचले तेव्हा आई करंज्या तळत होती आणि अण्णा ओट्यावर ढोलकीच्या कड्या ठोकत होते. पुढचे दोन दिवस फराळ, शेणसडा, कागदी चांदणीत बल्ब बसवणं आणि शेजारच्या घरांतून ताटं पोचवणं यात गेले.

आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चच्या लोकांत, क्वायर असा नाही. आख्खी मंडळीच गाते. हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, त्यात फक्त शब्द, सुरांची लिपी नाही. पेटीवर अण्णा किंवा मास्तर, ढोलकी, झांजा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. मराठी ख्रिस्ती गाणं या वळणावर गेलं त्याला नगर जिल्ह्याची माती कारण आहे. अमेरिकन मिशनरी 1831 मध्ये नगरला आले ते आपल्या देशातल्या चाली घेऊन. पण इथल्या गळ्यांना अभंग, ओवी, पद ठाऊक होतं. नगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी देशी चालींवर पदं रचली. मग 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले, नगरला आणि राहुरीला राहिले, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं उघडपणे सांगत राहिले. आमच्या गावापासून नेवासे हाकेच्या अंतरावर. तिथे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. या पट्ट्यात देवाचं नाव घ्यायचं तर टाळ हातात येणारच.

तेवीसच्या संध्याकाळी कॅरोलची फेरी, म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघरी जायचं. ट्रॉलीत सतरंजी, पेटी, पोरंटोरं आणि महिला संघाच्या बायका. वस्त्या लांबलांब पसरलेल्या, कांद्याच्या वाफ्यांतून पाणी सोडलेलं, त्यामुळे थंडी हाडात शिरणारी. दवाने ढोलकीचं चामडं सैल पडतं. दर तीन-चार घरांनंतर कुठल्या तरी शेकोटीपाशी अण्णा ढोलकी उभी धरतात, तळव्याने चामडं चोळत राहतात, बोटाने टिचकी मारून कानाशी नेतात, पुन्हा धरतात. घाई करत नाहीत. आवाज हवा तसा आला की मान हलवतात, तोवर सगळी फेरी थांबलेली असते.

पहिल्याच घरी मी सवयीने वरच्या ओळीखाली आल्टो धरला. आत्याने कोपराने ढोसलं. "निराळं काय म्हणतीस गं? सगळ्यांसंगं म्हण." मी सगळ्यांसोबत म्हटलं. तिचं बरोबर होतं. या चाली एका सुराच्या धारेवर उभ्या आहेत. त्यांच्याखाली दुसरी ओळ ठेवली की धार बोथट होते. पुण्यातल्या गीतांना चार आवाज लागतात, कारण ती तशीच बांधलेली असतात.

माझा राग होता तो स्पीकरवर. तरुण संघाच्या पोरांनी यंदा चार्जिंगवरचा मोठा स्पीकर आणला होता आणि मोबाइलवर तयार ट्रॅक. ट्रॅक लावायचा, त्यावर गायचं. हौस होती, पोरं गुणी आहेत, थंडीत रात्रभर सगळ्यांची ने-आण तीच करत होती. पण ट्रॅक थांबत नाही. सरपंचांच्या वस्तीवरच्या आजी दाराशी यायच्या आत पहिलं कडवं संपलं. पेटीवर म्हटलं असतं तर धृपद अजून दोनदा घोळवलं असतं. मी हे बोलले. "ताई, आवाज लांबवर जातो ना पण," पोरांपैकी एक म्हणाला. त्यालाही चुकीचं म्हणता येत नव्हतं.

गावची घरं होत आली तेव्हा आई म्हणाली, "आता कोप्यांवर जायचं." मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी गिरणीवर दळणाच्या रांगेत एक बाई आईला भेटली होती. आमच्या दारावरची चांदणी पाहून तिने विचारलं होतं, "तुम्ही आपल्यातले का?" ती ऊसतोडणीला आलेली, जालन्याकडची. टोळीत त्यांचं एकच घर ख्रिस्ती.

कोप्या कॅनॉलच्या पलीकडे, पडीक रानात. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. कोप्या म्हणजे ऊस तोडणाऱ्यांच्या झोपड्या. बांबूच्या कमानी, वर पाचट, त्यावर प्लास्टिकचा कागद. आत जाताना कमरेत वाकावं लागतं. बाहेर तीन दगडांची चूल, बैल, टायरगाड्या, वाढ्यांचा ढीग. वीज नाही. गळीत हंगाम सुरू झाला की नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता धरतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घर दिसत नाही. कधी दिवाळीही फडातच जाते, नाताळ तर जातोच.

आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि अर्धी टोळी झोपली होती. पहाटे तीनला उठून फडात जायचं असतं. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, घुटमळले, उगाच झोपमोड नको म्हणाले. तेवढ्यात ती बाईच बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करत "सलाम" म्हणाली, आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा नमस्कार. एवढ्या लांबच्या रानात तो शब्द ऐकून आमच्या सगळ्या बायकांनी एकदम "सलाम, सलाम" केलं. तिच्या मागून नवरा, एक शाळकरी मुलगी, आणि मग शेजारच्या कोप्यांतली माणसंही आली. कुणीतरी चुलीत पाचट सारलं, उजेड झाला.

पोरांनी ट्रॅक लावला. ख्रिस्तजन्माचं एक जुनं पद, सगळ्यांना पाठ. तिने पहिली ओळ आमच्यासोबत धरली आणि दुसऱ्या ओळीला थांबली. आम्ही कडवं पुरं केलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं ह्या गाण्याची चाल निराळी हाय. म्हणू का?"

तिने म्हटलं. शब्द तेच, पुस्तकातले. चाल मात्र मी जन्मात ऐकली नव्हती. आमची चाल धृपदाला वर चढते, ठेक्यात, मिरवणुकीला शोभेल अशी. तिची चाल त्याच जागी खाली उतरायची आणि शेवटच्या अक्षरावर बराच वेळ थांबायची. जात्यावर म्हणतात तशी संथ. तिचा आवाज धुराने आणि थंडीने घोगरा झालेला, पण सूर पक्का, कुठेही हलत नव्हता. मुलीला सगळी कडवी येत होती. ती आईच्या ओळीची शेवटची दोन अक्षरं उचलून पुढची ओळ सुरू करत होती, म्हणजे मायलेकींनी हे शेकडो वेळा म्हटलेलं असणार.

पोराने ट्रॅक बंद केला, कारण त्याचा काही उपयोगच नव्हता. अण्णांनी पेटी मांडीवर घेतली. पहिलं कडवं नुसतं ऐकलं, भाता हळू चालवत एकच सूर धरून ठेवला. दुसऱ्या कडव्याला बोटं तिच्या मागोमाग जायला लागली, एका स्वराने मागे. तिसऱ्याला ते तिच्या बरोबर होते. ढोलकी मास्तरांनी फक्त समेवर वाजवली. चौथ्या कडव्याला आत्याने झेलायला सुरुवात केली आणि मग आम्ही सगळ्यांनीच. मी पुण्यात क्वायरच्या संचालकांच्या ज्या हाताकडे बघून गाते त्या हाताबद्दल मला आदर आहे, पण त्या रात्री आख्खी मंडळी एका ऊस तोडणाऱ्या बाईच्या श्वासावर गात होती. तिने श्वास घेतला की आम्ही थांबत होतो. यंत्राला हे जमणार नाही, हे पोरांनाही कळलं. पुढे कुणी स्पीकर लावला नाही.

"कुठं शिकलात?" मी विचारलं. आजीकडून, ती म्हणाली. आजीला तिच्या आईकडून. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, तेव्हापासूनची ती जुनी ख्रिस्ती वस्ती. पुस्तकात सूर छापलेले नसतात म्हणून गावोगाव चाली अशा फुटल्या आणि गळ्यातून गळ्यात उतरत आल्या. घरी सासूबाई एकट्याच आहेत, ती सांगत होती, आणि नाताळला दारावर चांदणी लावायला कुणी नाही. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. आईने तिच्या हातात फराळाची पिशवी दिली, तिने आम्हाला गूळ घालून काळा चहा दिला. टोळीतली बाकीची माणसंही प्यायली. एका म्हाताऱ्या गड्याने अजून एक म्हणा म्हणून आग्रह केला, ते भजनकरी होते, लगेच झांजा मागून घेतल्या.

पाळकसाहेबांनी 25 च्या उपासनेचं निमंत्रण दिलं. नवरा म्हणाला, "बघतो, पण खाडा पडंल." खाडा म्हणजे एका दिवसाची गैरहजेरी. तो हिशेबात कापला जातो, वर मुकादमाची बोलणी. कारखान्याचं धुराडं नाताळला थांबत नाही.

ते आले नाहीत. सकाळच्या उपासनेत चर्च फुलांनी आणि माणसांनी भरलेलं होतं, मुंबई-पुण्याची सगळी लेकरं परतलेली, नव्या साड्यांची सळसळ. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मला आनंद होत होता आणि त्याच वेळी राग येत होता. ज्यांच्या हाताने तोडलेल्या उसाची साखर त्या दिवशी आमच्या करंजीत होती, त्यांना त्याच दिवसाची चार तासांची रजा मिळू नये, हे मला कुठल्याही हिशेबात पटत नाही. दुपारी अण्णा आणि मी मटणाचा डबा घेऊन कोप्यांवर गेलो. ती फडातच होती. मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसली होती, तिच्या हाती डबा दिला. शाळा गावाकडेच राहिली, असं तिने आपणहून सांगितलं. अण्णांनी तिला पदाचं तिसरं कडवं पुन्हा म्हणायला लावलं, कारण त्यातली एक जागा त्यांना सापडत नव्हती. तिने तीनदा म्हणून दाखवली.

एक जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभासाठी नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते, म्हणून आम्ही गावचे सगळे दोन तारखेला परतलो.

चाल माझ्याकडे फोनवर आहे, अण्णांच्या पेटीसह. पहिल्याच शनिवारी तालमीनंतर मी ती ऐकवली. सगळे गप्प झाले, मग आमच्या संचालकांनी लगेच तिला चार आवाजांत बसवायचा विषय काढला. मी नको म्हटलं आणि तसं का हे सांगितलं: एक आवाज, पेटी, आणि बाकीच्यांनी झेलायचं. सोलापूरच्या टेनरने, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज गाणाऱ्याने, माझी बाजू घेतली. अजून ठरलेलं नाही, मी मागे हटणार नाही.

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या मंडळ्यांना मात्र हात जोडून एक विनंती. डिसेंबरात कॅरोलची फेरी काढाल तेव्हा कोप्या वगळू नका, आपल्यातलं घर आहे की नाही हे विचारतही बसू नका. पेटी न्या, स्पीकर नको. गोड फराळ न्या, पण तेल, मीठ, चहापत्तीही न्या. आणि गावाच्या आधी तिकडे जा, सातच्या आत. नऊपर्यंत ती माणसं झोपलेली असतात.