हुमण, म्हणजे आमची माशांची आमटी, निर्दोष सुटलं!
आज कदंब बसमधून आईला घेऊन म्हापशाला, काचबिंदूच्या तपासणीला. आतापर्यंत डोळ्यांच्या थेंबांच्या तीन बाटल्या. कुठली घातली, कुठली राहिली, यावरून रोज आमची जुंपायची. आता टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड एकाच बाटलीत, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. रात्रीचं लॅटानोप्रोस्ट वेगळं. टिमोलॉल द्यायच्या आधी डॉक्टरांनी दम्याचं विचारून घेतलं, ते बरं वाटलं.

दोन औषधांत पाच मिनिटं थांबायचं. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं.

आई म्हणाली, "तरीच तोंड कडू व्हायचं! मी उगाच हुमणाला नावं ठेवत होते."

संध्याकाळी मीच घातला. पहिला थेंब गालावर.