टेम्पोचा रंग

रविवारची दुपार. जेवणं झालेली, अंगणात कोंबड्यासुद्धा पेंगत होत्या आणि मी टेम्पोच्या फाळक्यावर वॉटर पेपर घासत बसले होते. हात चालू, लक्ष भलतीकडेच. पाहते तर रुपयाएवढी एक चकती उमटलेली. मधोमध उघडा पत्रा, त्याभोवती तांबूस प्रायमरची रेघ, मग आकाशी, मग पिवळा, मग मरून, मग हिरवा आणि बाहेर सगळीकडे पांढरा. लहानपणी जत्रेत रंग बदलणारी गोळी मिळायची. ती चोखायची कमी आणि तोंडातून काढून बघायची जास्त. अगदी तसंच वाटलं.

आकाशी ठीक. तो कंपनीचा. पिवळा खंडोबाचा. हिरवा आणि पांढरा घरात सगळ्यांना पाठ. पण हा मरून कुणाचा?

आमचं घर सासवडजवळ. टेम्पो म्हणजे १९८८ सालचा मॅटाडोर पिकअप, नंबरप्लेटवर 'एमएच' यायच्या आधीचा. आजोबांनी तो घेतला सीताफळं आणि अंजिरं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायला. आमच्याकडून पुण्याला जायचं म्हणजे भरलेला टेम्पो दिवे घाट उतरणार आणि रिकामा टेम्पो चढणार. देवानं घाट उलटा बांधायला हवा होता, असं आजोबा म्हणायचे. चढताना फार तर गाडी थांबते. एकदा उतरतानाच ब्रेक गेले. आजोबांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली, सगळ्या पाट्या रस्त्यावर, सीताफळांचा चिखल, आणि माणूस मात्र साबूत. तिथून घरी येण्याआधी ते जेजुरीला जाऊन आले आणि आठवड्याभरात टेम्पो भंडाऱ्याच्या रंगाचा झाला. पांढरा पुढे डेअरीचं दूध वाहायला लागल्यावर.

मला आठवतो तो पांढराच. मागच्या हौद्यात दुधाचे कॅन एकमेकांवर आपटायचे आणि मी पुढे आजोबांशेजारी. पहाटे ते चावी अर्धी फिरवून थांबायचे. जुनं डिझेल इंजिन, आधी हीटर तापू द्यावा लागतो. मी तेवढ्यात मनात वीस आकडे मोजायचे. वीस व्हायच्या आत चावी पुढे गेली तर टेम्पो रुसतो, असा माझा पक्का समज. एकदा आजोबांनी अठरालाच चालू केला तर मी दिवेगावापर्यंत त्यांच्याशी बोलले नव्हते. आजही मिक्सर लावताना माझं बोट बटणावर थोडं थांबतं. घरात यावरून भरपूर बोलून झालंय.

२०११ मध्ये टेम्पो बंद पडला तो पडलाच. शेडमध्ये उभा राहिला, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. आजोबा गेल्यावर भंगारवाला तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा आजीनं त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला. मग मागच्या दिवाळीत बाबा, काका, चुलतभाऊ आणि मी, असे चौघं फराळानंतर जड पोटानं शेडमध्ये गेलो आणि कुणीतरी म्हणालं, करूया का चालू? कोण म्हणालं यावर आता एकमत नाही. खर्चाचा आकडा वाढत गेला तसं प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव घेतो.

दर रविवारी काम. हौद्याच्या तळाचा पत्रा कुजला होता, तो कापून नवा जोडला. पाटे उतरवले, बोल्टांचे आटे गेलेले, एकेक बोल्ट काढायला डिझेल ओतून दोन दोन दिवस वाट बघायची. बाबा आणि काका एरवी वर्षात जेवढं बोलतात तेवढं एका रविवारी बोलतात, पण सगळं 'चौदाचा पाना दे' आणि 'चौदाचा नाही, सोळाचा' याच पट्टीतलं. रस्त्यावर आणायचा विचार नाही. पासिंगच्या भानगडीत कोण पडणार. सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा वेगळा नंबर काढला, पण तो दुचाकींना आणि घरच्या मोटारींना. सीताफळं वाहून म्हातारं झालेल्याला त्यात जागा नाही. विहिरीपर्यंत जाऊन परत आला तरी आमचं पोट भरेल.

पत्रा घासताना डोकं मोकळं असतं, त्यामुळे मी निरुपयोगी माहिती फार जमवली. टेम्पो हा शब्दच घ्या. आपण मालवाहू, छोटं, चाकांवर चालणारं जे काही दिसेल त्याला टेम्पो म्हणतो. मूळ ते एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. हाम्बुर्गजवळची विडाल नावाची कंपनी. फिरोदियांनी १९५८ मध्ये तिच्याशी करार करून ती लांब नाकाची तीनचाकी इकडे बनवायला घेतली, पुढे कारखाना आकुर्डीला आला आणि १९६९ पासून मॅटाडोर. बजाज टेम्पो हे नाव फिरोदियांच्या कंपनीनं २००५ मध्ये बदललं, फोर्स मोटर्स झाली. पण आपल्या तोंडातून टेम्पो काढून न्यायला कुणी आलं नाही. खुद्द जर्मनीत आज टेम्पो मागितला तर हातात कागदी रुमाल ठेवतात. ते रुमालही १९२९ पासूनचे, म्हणजे त्यांचाही हक्क कमी नाही. आणि मॅटाडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा. आमच्या गावातले बैल यानंच घालवले, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

जर्मनीचं कौतुक आमच्या घरात आधीपासूनच. बाबा शाळेत असताना टेम्पो दीड वर्ष गॅरेजला होता. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, त्याचा कुठलासा पार्ट थेट जर्मनीहून यायचा होता. जहाजानं. बाबा आणि काका शाळेतून आल्यावर रोज विचारायचे, आला का पार्ट? आजोबा म्हणायचे, मुंबईच्या बंदरात अडकलाय. काकानं तेव्हा वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या टेम्पोचा पार्ट बोटीवर आहे. शिक्षकांनी त्याला भूगोलाच्या तासाला उभं करून जर्मनीची बंदरं विचारली होती. त्याला आजही हाम्बुर्ग आणि ब्रेमेन पाठ आहेत, बाकी भूगोल शून्य.

या वर्षी आम्हाला हीटर प्लग, ऑइल सील आणि नॉझल हवे होते. मी मनाची तयारी करून ठेवली होती, महिनोन्महिने लागणार म्हणून. बाबा आणि चुलतभाऊ एका बुधवारी पुण्याला जुन्या बाजारात गेले, तिथून दोन दुकानं पालथी घातली आणि संध्याकाळच्या चहाला सगळं घेऊन परत. या इंजिनाची भावंडं त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाड्यांमध्ये अजून पळतायत, सामानाला तोटा नाही. पिशवी ओट्यावर ठेवत बाबा म्हणाले, "मग तेव्हा दीड वर्ष कशाला लागलं?"

आजी शेंगा फोडत होती. म्हणाली, "तवाची गोष्ट येगळी हुती."

तर रंग. टेम्पो पुन्हा रंगवायचा तर कुठला, यावर सुरुवातीपासून वाद. चुलतभावाला कंपनीचा आकाशी हवा, मूळचा तोच म्हणून. बाबांना पिवळा. काका हिरव्यावर ठाम. मी पांढऱ्याच्या बाजूनं, पण पांढऱ्याला कुणी मनावर घेत नाही, तो रंगच नाही म्हणे. या वादात जुनं भांडण पुन्हा निघालं. १९९३ मध्ये आत्याचं लग्न झालं. वऱ्हाड आपल्याच टेम्पोतून गेलं, हौद्यात गाद्या टाकून, केबिनला झेंडूच्या माळा. तेव्हा टेम्पोचा रंग कोणता? बाबा म्हणतात पिवळा. काका म्हणतात हिरवा. आत्या म्हणते मरून.

आत्या हे गेली तीस वर्षं म्हणते आहे आणि तीस वर्षं आम्ही तिला हसतो आहोत. मरून तुझा शालू होता, असं तिला सांगितलं जातं. दिवाळीला हा विषय काढायचाच, ती चिडायची, मग पानात आणखी एक करंजी वाढून तिला गप्प करायचं. फोटो एकच आहे. त्यात हौद्यावर चादर टाकलेली, वर बायका दाटीनं बसलेल्या, आणि पत्र्याचा टिचभर तुकडासुद्धा दिसत नाही. आत्याचा शालू तेवढा दिसतो. मरून.

आणि आता ही चकती.

मी हाका मारल्या. चुलतभाऊ चाकाजवळून उठून आला, काका झोपेतून आला, बाबा चष्मा शोधून आले. चौघं त्या रुपयाएवढ्या ठिपक्याभोवती वाकलो. काकानं नखानं खरवडून पाहिलं. पिवळ्याच्या वर आणि हिरव्याच्या खाली, पातळसा, पण आहेच. दुसऱ्या कोपऱ्यात घासून बघितलं, तिथंही. दरवाजावर, तिथंही. चुलतभाऊ म्हणाला, हिरव्याच्या आधीचं अस्तर असेल. काका म्हणाला, मरून अस्तर कोण देतं? बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं काहीतरी जुळत होतं आणि जुळू नये असंही त्यांना वाटत असावं.

आजी चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे बॉनेटवर ठेवला, वाकून बघितलं, पदरानं चकतीवरची घाण पुसली.

"ह्यो आपला न्हाई," ती म्हणाली. "त्या माणसाचा हाय."

कुठल्या माणसाचा?

"टेम्पो गहाण हुता न्हवं. पोरीच्या लग्नाला पैसं कुठनं आणायचं? दीड वरीस त्यानं वापरला. आल्यावर तुमच्या आज्जानी आठ दिसांत हिरवा मारून घेतला."

शेडमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाला, "म्हणजे पार्ट?"

"कसला पार्ट," आजी म्हणाली. "चा घ्या, निवतोय."

चहा घेतला. बाबांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. मग एकदम म्हणाले, "पण आई, लग्नाला टेम्पो होता की. वऱ्हाड गेलं त्यातून."

"व्हता. भाड्यानं आणला त्याच्याकडनं. चारशे रुपय घेतलं त्यानं." आजीनं कप गोळा करायला घेतले. "डिझेल आपलं."

संध्याकाळी आत्याला फोन करायचं ठरलं. तीस वर्षांचं भांडण तिनं जिंकलं होतं, निदान तेवढं तरी सांगायला हवं. काकानं नंबर काढला. मग थांबून म्हणाला, मरून कसा काय, हे ती विचारणारच. चुलतभाऊ म्हणाला, अस्तर होतं म्हणून सांगू. काकानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो थोडा वेळ धरून ठेवला, मग उठून चार्जिंगला लावला.